डबीची पाठ वाचणारे आप्पा

भास्करआप्पा भामरे यांनी मला मदत केली. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते, कारण झालं काय ते सांगायला बसले की मी माझ्याच हातांचं रडगाणं सांगत बसेन, आणि ज्या माणसामुळे हे हात आज पुन्हा पीठ मळतात तो मागं राहून जाईल. माझा स्वभाव घाबरट आहे. घाबरलेलं माणूस स्वतःबद्दलच बोलत राहतं.

आप्पा सुरतेत, गोडादऱ्यातल्या आमच्या चाळीत सात नंबरच्या खोलीत राहायचे. ना नात्याचे, ना गावचे. ते खानदेशातले, अमळनेरकडचे. मी पार वाशीम जिल्ह्यातली, सातवीतून शाळा सोडलेली, लग्न होऊन सुरतेला आलेली. त्यांच्या घरात अहिराणी, माझ्या तोंडात वऱ्हाडी. त्यांचं 'माले' आणि माझं 'मले', एवढाच फरक आहे असं ते म्हणत. पण त्यांनी भरभर अहिराणी सुरू केली की मी नुसती मान हलवायची. मग ते थांबत आणि मास्तरासारखं पुस्तकी मराठी बोलायला बघत. त्याचं मला हसू यायचं.

त्यांचं काम कापड तपासायचं, चेकरचं. लूमवर विणलेलं कोरं कापड ताक्या-ताक्यानं, म्हणजे अख्ख्या लांब घड्यांनी, त्यांच्या टेबलावर येई. ते टेबलावरून ओढत न्यायचं आणि बघायचं: कुठं धागा तुटलाय, कुठं भोक पडलंय, कुठं तेलाचा डाग आहे. चाळीस वर्षं उजवीकडून डावीकडं कापड ओढून त्यांची मान डावीकडं वळलेली राहिली होती. समोरून येताना पाहिलं की वाटे, हा माणूस शेजारच्या कुणाशी तरी बोलत चाललाय. डावा खांदाही जरा खाली. शर्टाच्या दुसऱ्या काजात लाल दोऱ्यांची जुडी अडकवलेली, आणि गळ्यात दोरीला एक पितळी भिंग. घडी घालता येणारं, चौकोनी, काडेपेटीपेक्षा लहान. कापडावर ठेवायचं आणि इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं, असं ते भिंग. कारखान्यातून सुटले तरी ते गळ्यातून उतरत नसे. अंघोळीलाही नसे, असं चाळीतल्या बाया म्हणायच्या. ते खोटंही नसेल.

लाल दोऱ्याचं सांगायला हवं. कापडात दोष सापडला म्हणून कापड कुणी फेकून देत नाही. दोष असेल त्या जागी किनारीला लाल दोरा बांधायचा. मग पुढं रंगवणारा, कापणारा, शिवणारा, जो कुणी असेल त्याला तो दोरा दिसतो आणि तो तेवढी जागा सांभाळून घेतो. चांगले कारागीर तर चेकरची वाटच बघत नाहीत. लूम चालवताना धागा तुटला की तेच हातासरशी किनारीला दोरा बांधून ठेवतात. आप्पा अशा कारागिरांची नावं देवाच्या नावासारखी घेत.

कुठलीही वस्तू हातात आली की आप्पा आधी ती उलटी करत. बिस्किटाचा पुडा, खोकल्याचं औषध, कुकर, छत्री. 'तोंड नको दाखवू, माय. तोंड सगळ्यांचं चांगलंच ऱ्हातं. पाठ दाखव.' मग भिंग उघडायचं, एक डोळा मिटायचा, आणि वाचायचं. शिक्षण चौथी. इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण ताक्यांवरचे शिक्के वाचून वाचून अक्षरं सगळी ओळखीची झाली होती. एकेक अक्षर जुळवत ते शब्दाच्या शेवटापर्यंत जात, आणि शब्द समजला नाही तर तसाच पाठ करून ठेवत, पुढं कुणी जाणता भेटला की विचारायला.

चाळीतले लोक चेष्टा करत. आप्पा गल्लीत शिरले की एखादी बाई हळूच म्हणायची, 'आले बाई, पाठ झाका.' आप्पा ऐकत आणि न हसता पुढं जात. पण चेष्टा करणारीच संध्याकाळी पोराच्या औषधाची बाटली घेऊन त्यांच्या दाराशी उभी असायची.

त्यांच्या पुतण्याच्या सोयरिकीची गोष्ट तर सगळ्या गल्लीला ठाऊक होती. मुलीचा फोटो आला. घरातले सगळे फोटोतलं नाक-डोळे बघतायत, आणि आप्पांनी फोटो उलटा केला. मागं स्टुडिओचा शिक्का होता आणि त्यात साल. फोटो सहा वर्षांपूर्वीचा निघाला. घरात गडबड उडाली, नाही म्हणा, फसवतायत म्हणून. आप्पा म्हणाले, 'फसवत कुठं शेत? साल त्यांनीच पाठवलंय. खरवडून नाही काढलं. जा, बघून या.' लग्न झालं. ती सून आजही सांगते की आपल्या लग्नाला फोटोच्या पाठीनं होकार दिला.

एक शब्द मात्र त्यांच्या समोर बोलायची सोय नव्हती. तो म्हणजे 'चालेल'. भाजी आणली, जरा पिवळी आहे, चालेल. असं कुणी म्हणालं की आप्पांचा चेहराच उतरे. मी एकदा विचारलं, काहून आप्पा, एवढं काय आहे त्या शब्दात. ते दोऱ्यांची जुडी सोडवायला लागले. मग सांगितलं. तरुणपणी एकदा मालकाला घाई होती, गाडी दारात उभी होती, आणि एका ताक्यात आडवे धागे विरळ पडलेले त्यांना दिसले होते. मालक म्हणाला, चालेल. आप्पाही म्हणाले, चालेल. दोरा बांधला नाही. रंगवल्यावर त्या जागी पट्टा उमटला आणि माल परत आला. मग ज्या कारागिरानं तो ताका विणला होता त्याच्यावर सगळं ढकललं. त्याचं काम गेलं. तो साक्रीकडचा होता, बायको-पोरं घेऊन गेला, कुठं गेला कळलं नाही. 'दोष त्याच्या हातून झाला, खरं. पण माझ्या डोळ्याला दिसला होता ना,' एवढंच आप्पा म्हणाले, आणि जुडी पुन्हा काजात अडकवली.

आता माझ्या हातांचं.

मी लिंबायतला एका खानावळीत पोळ्या करत होते. लूमवरचे साठ-सत्तर गडी दोन वेळा जेवायला यायचे. पीठ मळायचं, पोळ्या लाटायच्या, भांडी घासायची, पुन्हा मळायचं. दिवसभर हात ओले. पावसाळ्याच्या शेवटी माझ्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. कातडी पांढरी पडली, भिजल्यासारखी, आणि फाटली. मग दोन नखांच्या कडा सुजल्या, नखुरडं झालं. मी औषधाच्या दुकानात जाऊन हात न दाखवताच खाजेची ट्यूब मागितली. लावली की दोन दिवस बरं वाटे, नंतर दुप्पट वाढे. मी आणखी लावत गेले. मनगटापर्यंत गोल गोल चट्टे आले.

मी लपवलं. बांगड्या वर सरकवायच्या, पदर हातावर घ्यायचा, वाढायला दुसरीला पाठवायचं. पीठ मात्र त्याच हातांनी मळत होते. हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. आमचे हे कडोदऱ्याला लूमवर, रविवारी घरी यायचे. माझं काम गेलं तर एका पगारात खोली चालणार नव्हती आणि दोघांना परत गावी जावं लागलं असतं. गावी आमचं काही उरलेलं नाही. म्हणून लपवलं.

एका गड्यानं बघितलंच. ताटावरून उठला आणि मालकिणीला, सखूआक्काला, जाऊन सांगितलं. आक्का वाईट बाई नाही. तिनं मला मोरीकडं नेलं, हात उलटेपालटे करून बघितले आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. तोवर पिठाला हात लावायचा नाही. पंधरा दिवसांत हात बरे झाले तर जागा माझी, नाहीतर ती दुसरी बाई बघणार.

त्याच दुपारी ज्योतीबेन आली. ती चाळी-चाळीत फिरून डब्या विकायची, शक्तीच्या, केसांच्या, वजनाच्या. तिच्याकडं एक हिरवी डबी होती, वर नारळाचं चित्र. नारळाच्या तेलात एक आम्ल असतं, कॅप्रिलिक नावाचं, ते बुरशीला मारतं. ट्यूब वरून काम करते, ही कॅप्सूल आतून मुळासकट काढते. पंधरा दिवसांत हात आरशासारखे. असं तिनं गुजराती-हिंदीत सांगितलं. डबीवर मोठ्ठा आकडा होता, एक हजार मिलिग्रॅम. 'लई लो बेन, एकदम ओरिजनल छे.' मला तर पंधरा दिवस हा शब्दच ऐकू आला. भिशीचे ठेवलेले पैसे मी काढायला उठले.

आप्पा सकाळपाळी संपवून येत होते. दारातच थांबले. मान वळलेली असल्यामुळं ते आमच्याकडं बघतायत हे आम्हाला उशिरा कळलं.

'हाई काय शे?' त्यांनी विचारलं.

मी डबी पुढं केली, नारळाचं चित्र त्यांच्याकडं करून. त्यांनी ती न बघताच उलटी केली.

पायरीवर बसून त्यांनी भिंग लावलं. ज्योतीबेन आधी हसली, मग घाईत आहे म्हणाली. आप्पांनी एकेक अक्षर वाचलं. हजार हा आकडा एका कॅप्सूलचा नव्हता, दोन कॅप्सूलचा होता. आणि तोही नारळतेलाच्या भुकटीचा. ज्या आम्लाचं नाव ती घेत होती ते त्या भुकटीत किती, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. 'म्हणजे ताक्याचं वजन सांगितलं, मीटर सांगितलेच नाहीत,' आप्पा म्हणाले. बनवणाऱ्याचा पत्ता म्हणून नुसतं एका शहराचं नाव. परवान्याचा नंबर नाही. आणि तारखेची चिकटपट्टी जरा वर आलेली होती. आप्पांनी अंगठ्याच्या नखानं ती हळूच सोलली. खाली दुसरी तारीख होती. उलटून गेलेली.

ज्योतीबेननं डबी परत घेतली. ती म्हणाली तिला कंपनीनं दिली तशी ती विकते, आणि मला वाटतं ते खरं होतं, तिचा चेहरा पडला होता. जुडीतला एक लाल दोरा ओढून आप्पांनी डबीच्या मानेला बांधला आणि म्हणाले, 'बेन, हे ज्यानं दिलं त्याला दाखव.'

मला मात्र रडू आलं. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही दोष काढून मोकळे झाले, आता मी पंधरा दिवसांत काय करू? त्यांनी माझे हात बघायला मागितले. मी पदराखालून काढले नाहीत. त्यांनी पुन्हा मागितले नाहीत. म्हणाले, 'ही वस्तू खोटी निघाली म्हणजे सगळ्याच खोट्या, असं नाही. चांगला माल असंल तर सापडंल. चल.'

मग आठवडाभर हा माणूस पाळी सुटली की माझ्यासोबत औषधांची दुकानं हिंडला. असा हट्ट मी कुणाचा पाहिला नाही. एका वहीच्या पानावर त्यांनी प्रश्न लिहिले होते, वाकड्या पण ठळक अक्षरात. एका कॅप्सूलमध्ये तेल किती ते नको, आम्ल किती ते सांगा. कुठल्या तेलातून काढलं. बनवलं कुणी, पुरा पत्ता. परवाना. माल कुठल्या खेपेचा, आणि त्या खेपेची तपासणी झाली असेल तर कागद. एक दुकानदार म्हणाला, काका, घ्यायचं तर घ्या, परीक्षा कशाला घेताय. आप्पा म्हणाले, परीक्षा माझीच चाललीय, तुम्ही फक्त डबी द्या. दुसऱ्यानं डबी हातात द्यायलाच नकार दिला, काचेतूनच बघा म्हणाला. आप्पांनी काचेलाच भिंग लावलं. मागं रांगेतले लोक हसायला लागले. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आप्पा वाचून झाल्यावरच हलले.

डब्यांवर कंपनीचे फोन नंबर असतात. त्यावर खरंच कुणी फोन करतं हे मला माहीत नव्हतं. आप्पा करायचे. एकीकडं घंटी वाजत राहिली. दुसरीकडच्या बाईनं विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का. आप्पा म्हणाले, 'नाही, कापडचेकर.' तिनं फोन ठेवला. तिसरीकडच्या माणसानं मात्र खेपेचा नंबर विचारून घेतला आणि तासाभरात तपासणीचा कागद फोनवर पाठवला. आप्पांना त्यातलं काही समजलं नाही, पण कागद आला याचाच त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला चहा पाजला.

तो कागद घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथं काउंटरवर एक शिकलेली मुलगी होती, गुजराती, चष्मेवाली. तिनं कागद वाचून दाखवला, आप्पांची प्रश्नांची यादीही वाचली आणि हसली नाही. तिच्या कपाटात त्याच कंपनीची डबी होती, साधी, पांढरी, वर चित्रही नाही. आम्ल किती ते स्पष्ट लिहिलेलं. तारीख छापलेली, चिकटवलेली नाही. तिनं स्वतःहून सांगितलं की माल नीट आहे, पण हे औषध नव्हे, खाद्यपूरक आहे; हातावरची बुरशी यानं पंधरा दिवसांत जाईल असं ती सांगू शकत नाही, आणि तसं या डबीवरही लिहिलेलं नाही.

आप्पांनी डबी उलटी केली. शेवटच्या ओळी इतक्या बारीक होत्या की भिंग लावूनही त्यांना दोनदा पुसून घ्यावं लागलं. अक्षरं जुळवत ते वाचत होते आणि मुलगी अर्थ सांगत होती. पोट नाजूक असेल तर जेवणासोबत घ्या. यकृताचा आजार असेल तर घेऊ नका. आणि मग: गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

मी काउंटरची कड धरली.

मला तिसरा महिना लागत होता. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आधी एकदा राहिलं होतं ते तिसऱ्या महिन्यात गेलं, आणि तेव्हा सगळ्या चाळीला सांगून बसले होते. आमच्याकडं तीन महिने पुरे होईस्तोवर सांगत नाहीतच. मी तर ह्यांनाही सांगितलं नव्हतं. इथं लिहितानाही इतका वेळ लपवलंच. ज्योतीबेननं विचारलं नव्हतं. ट्यूब देणाऱ्यानं विचारलं नव्हतं. त्या हिरव्या डबीवर तशी ओळच नव्हती. ती डबी मी त्या दुपारी घेऊन गिळायला लागले असते.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना दोन लेकी आहेत, काय ते उमगलं. त्यांनी भिंग मिटलं, डबी काउंटरवर ठेवली आणि बोटांत एक लाल दोरा गुंडाळत उभे राहिले. मग डबीकडं बोट करून म्हणाले:

'हा माल चांगला शे, माय. यानं आपला दोरा आपणच बांधलाय.'

बाहेर आल्यावर रस्त्यात, रिक्षांच्या गोंगाटात, मी त्यांना हात दाखवले. दोन्ही, उलटे-पालटे. आणि जे सांगायचं ते सांगितलं. माझ्या आयुष्यात मी स्वतःहून सांगितलेली ही पहिली गोष्ट असेल. नेहमी कुणीतरी शोधूनच काढायचं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी अर्धी रजा टाकली. टेबल सोडून रजा घ्यायची त्यांची सवय नव्हती, मुकादमाला वाटलं कुणी वारलं. आम्ही सरकारी दवाखान्यात कातडीच्या विभागात रांगेला बसलो. डॉक्टरीणबाईंनी हात बघितले, ट्यूब बघितली आणि ट्यूबवर एवढ्या चिडल्या की मीच दचकले. त्यात खाज दाबणारं औषध असतं, त्यानं बुरशी आणखी माजते, असं त्यांनी समजावलं. मग माझ्या बोटाच्या बेचक्यातून थोडी कातडी खरवडून काचेवर घेतली, त्यावर एक थेंब टाकला आणि काही वेळानं काच यंत्राच्या भिंगाखाली ठेवून, एक डोळा मिटून, वाकून बघायला लागल्या.

आप्पांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता. ते हळूच माझ्या कानाशी म्हणाले, 'चेकर शे.'

बाईंना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी आप्पांच्या गळ्यातलं भिंग बघितलं आणि त्यांना यंत्रातून बघू दिलं. आप्पा वाकले. मान डावीकडं असल्यामुळं त्यांना नीट उभं राहता येईना, तरी बघितलं. म्हणाले, सुटे धागे दिसतात, तुटके, गाठी पडलेले. बाई म्हणाल्या, तेच.

पोटातल्या बाळाला चालेल असं लावायचं औषध त्यांनी दिलं. हात कोरडे ठेवायचे, पाण्यात घालायचे झाले तर आत सुती आणि वर रबरी हातमोजे. आप्पांनी त्या पांढऱ्या डबीच्या पाठीचा दुकानात काढून घेतलेला फोटो आणि तपासणीचा कागद पुढं केला. बाईंनी सगळं वाचलं. म्हणाल्या, काका, निवड चांगली केलीत, याहून नीट निवड मीही केली नसती. पण हिला आत्ता ही नको. गरोदरपणात यानं काय होतं हे पुरतं माहीत नाही, आणि माहीत नाही ते द्यायचं नाही.

मला वाटलं आप्पांना वाईट वाटेल. एवढे आठ दिवस, एवढी दुकानं, एवढे अपमान, आणि शेवटी डबी घ्यायचीच नाही. बाहेर पायऱ्या उतरताना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, कापड तपासलं म्हणजे ते विकत घेतलंच पाहिजे असं कुठं आहे. आणि अर्धी रजा उरली होती म्हणून मला खानावळीपर्यंत सोडायला आले.

आक्काला सगळं मीच सांगायचं, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. ते आत आले नाहीत, रस्त्यापलीकडं पानाच्या टपरीशी उभे राहिले. मी आक्कासमोर दवाखान्याचा कागद ठेवला. हात ठेवले. महिने सांगितले. सांगितलं की पंधरा दिवस पुरणार नाहीत, महिना-दीड महिना लागेल, आणि मी काम सोडणार नाही. जे कोरडं काम असेल ते द्या. मी शेवटपर्यंत बोलले. आक्का कागद उलटा करून बघत होती, तिला वाचता येत नाही. मग म्हणाली, 'गहू-तांदूळ निवड. डाळ निवड. आणि हे आधी सांगितलं असतंस तर पंधरा दिवसांचं बोललेच नसते ना मी.'

मी बाहेर येऊन बघितलं तर आप्पा टपरीवाल्याच्या चुन्याच्या डबीची पाठ वाचत होते.

हात बरे व्हायला सात आठवडे लागले. मुलगी झाली, ती आता चालते. मोजे घालून मी पीठ मळते. आप्पांनी मला रोज संध्याकाळी पायरीवर बसवून इंग्रजी अक्षरं शिकवली, डब्यांच्या पाठींवरूनच. माझं पहिलं पुस्तक म्हणजे एक चहाचा पुडा. आता चाळीतल्या बाया डब्या घेऊन माझ्याकडं येतात. ज्योतीबेनही येते, विकायला घ्यायच्या आधी. बुरशीची कॅप्सूल कुणाला घ्यायचीच असेल तर मी आप्पांचे प्रश्न विचारते, आणि सगळ्यात शेवटी बघते की कुणी घेऊ नये ते डबीवर लिहिलंय की नाही. ती ओळ नसेल तर मी दोरा बांधते.

मागच्या उन्हाळ्यात आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एका ताक्यातला दोष सुटला त्यांच्याकडून, कुणाच्या लक्षातही आला नव्हता. त्यांनी स्वतः जाऊन मालकाला सांगितलं आणि त्याच दिवशी काम सोडलं. गावी राहणारा त्यांचा मुलगा न्यायला आला. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि लेकीच्या मनगटाला एक लाल दोरा बांधला. मी म्हटलं, आप्पा, हिच्यात काय दोष? म्हणाले, 'दोष नाही. असंल तर सांगायला घाबरू नको म्हणावं.'

सकाळच्या गाडीनं ते गेले. मी लेकीला कडेवर घेऊन खिडकीखाली उभी होते. मुलानं त्यांना पाण्याची बाटली आणून दिली. आप्पांनी ती सवयीनं उलटी केली, गळ्याशी हात नेला, गळा रिकामा होता. क्षणभर हात तिथंच राहिला. मग त्यांनी बाटली खिडकीतून माझ्याकडं केली.

'वाच.'

मी भिंग लावून तारीख वाचली. अजून पाच महिने आहेत, आप्पा. बनवणाऱ्याचा पत्ता आहे, परवाना आहे. चिकटपट्टी नाही.

'बरं,' ते म्हणाले आणि प्यायले. गाडी हलली तेव्हा मान डावीकडंच वळलेली होती, म्हणून फलाट संपेपर्यंत ते आमच्याकडंच बघत राहिले.

आप्पांच्या मुलाचा फोन येतो. ऑपरेशनला ते अजून तयार नाहीत. म्हणतात, डोळ्यात घालायच्या थेंबांची पाठ कोण वाचणार. आप्पा, ज्या दिवशी तुम्ही हो म्हणाल त्या दिवशी मी आक्काला सांगून, मुलीला घेऊन अमळनेरच्या गाडीत बसेन. तुमच्या प्रत्येक बाटलीची पाठ मी वाचीन, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. आज ना उद्या, हे मी फेडीन.